चढणीची वाट

मृगाचे पहिले पाऊस भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याची जमीन नुसतेच पिऊन टाकते. उन्हाळाभर भेगाळलेली खाचरं, राबाची काळी राख, हायवेच्या कडेला साचलेली कंटेनरांची धूळ, सगळ्यांना आधी आपापला वाटा हवा असतो. ओहोळ तेव्हाही कोरडेच राहतात. मग एका रात्री खरा पाऊस येतो, पत्र्याखाली बसलेल्या दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ नये असा. पहाटेपर्यंत खाचरं तुडुंब होतात. बांधाच्या खांडीतून पाणी खालच्या खाचरात, तिथून ओहोळात आणि ओहोळातून भातसा नदीच्या अंगाला उतरायला लागतं. पाणी उतरायला लागलं की मासा चढायला लागतो.

वलगण लागली, असं मग वाड्यापाड्यांतून ऐकू येतं.

उन्हाळाभर हे मासे नदीच्या डोहांत दबून असतात. पहिल्या पुराचा गढूळ लोंढा ओहोळाच्या तोंडातून नदीत शिरतो तेव्हा त्याला भिजलेल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा, गवताचा वास असतो. तो वास, पाण्याचा जोर, अंगाला लागणारा गारवा हे सगळं एकदम आलं की माद्यांच्या पोटात गाभोळी पिकते आणि त्यांना डोह पुरेनासा होतो. अंडी घालायला उथळ पाणी हवं. भाताचं खाचर म्हणजे वीतभर खोल, उघडिपीच्या उन्हाने कोमट होणारं, वाहत्या धारेपासून बाजूला असलेलं पाणी. मोठा मासा तिथवर सहसा पोचत नाही. कुजणाऱ्या पाचोळ्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची रास वाढते आणि पिल्लांचं पहिलं जेवण तेच असतं. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, तशी मासळी नदी सोडून शेताला येते. भाद्रपदात, अश्विनात खाचरातलं पाणी ओसरायला लागतं तोवर पिल्लं बोटभर झालेली असतात. आई आली त्याच ओहोळाने ती नदीला परततात.

बांधाच्या खांडीपाशी उकिडवं बसून हे जवळून पाहावं. खांड हातभर रुंदीची, पाणी इतकं पातळ की मळ्या माशाची पाठ त्यात बुडत नाही. तो खालच्या डबक्यात क्षणभर थांबतो. कल्ले भराभर हलतात. मग शेपटीचा एकच फटका, आणि अर्ध्या अंगाने पाण्याबाहेर, जवळजवळ आडवा पडून, चिखलावरून सरकत तो वर येतो. मध्येच धार त्याला उलटा करते. पोटाचा पांढरा भाग दिसतो, गाभोळीने ताणलेला, कातडीखालची बारीक लाल शीरसुद्धा दिसेल इतका. तो खाली घसरतो, दगडाच्या आडोशाला जातो, तिथे पाणी फिरतं त्या जागी दम घेतो. पुन्हा येतो. त्याच्यामागे बोटाएवढ्या खवल्यांचा घोळका असतो, मातीत तोंड खुपसत येणारी एखादी मुरी असते, मिशा हलवणारी शिंगटी असते. कुणी कुणाला ढकलत नाही. प्रत्येकाला आपली धार सापडलेली असते. वरच्या खाचरात पोचल्यावर मळ्या लगेच पुढे जात नाही. रोपांच्या बुंध्यांजवळ थोडा वेळ नुसता थांबतो.

पाहताना हात जोडले जातात. त्याच हातात पाग, म्हणजे फेकायचं जाळं, असतो, हेही लपवायचं कारण नाही. आमच्याकडे भक्ती आणि कालवण यांचं भांडण कधी नव्हतंच. आगरी, कुणबी, कातकरी, ठाकर, कोकणी मुसलमान, ज्या ज्या घराला या पाण्याचा शेजार आहे त्या घरात वलगणीच्या दिवशी चिंच कोळली जाते. कुणाकडे पाग, कुणाकडे बांबूच्या कामट्यांचा सापळा, पोरांकडे आईच्या जुन्या साडीचं टोक. रात्री बॅटऱ्यांचे उजेड बांधाबांधाने फिरतात. हे खाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आणि मासाही येत राहिला, कारण एका रात्रीत सगळी खाचरं झोळून काढणं माणसाच्या हाताला जमणारंच नव्हतं. आता बॅटरीचा शॉक देणारे आहेत, ओहोळात ब्लीचिंग पावडर टाकणारे आहेत. शॉक आणि पावडर यांना गाभोळी कळत नाही, पिल्लू कळत नाही. पाग टाकणाऱ्याला निदान मासा दिसत तरी असतो.

मत्स्यावताराची गोष्ट शतपथ ब्राह्मणात आहे. मनूने सकाळी हात धुवायला पाणी घेतलं, तर ओंजळीत एक इवला मासा आला. तो म्हणाला, माझं रक्षण कर, मोठे मासे लहानांना खातात. मनूने त्याला आधी घटात ठेवलं, मग खड्ड्यात, आणि तो वाढल्यावर समुद्रात सोडलं. पुढचा प्रलय, ती नाव, ते शिंग सगळ्यांना ठाऊक असतं. मला आधीचाच भाग अधिक भावतो. जगबुडीतून तारणारा देव सुरुवातीला स्वतःच आसरा मागत आला, तोही ओंजळभर पाण्यात. आणि त्याला वाढवायचं तर एकच भांडं पुरलं नाही. लहान पाण्यातून मोठ्या पाण्यात नेत राहावं लागलं. वलगणीची पिल्लं दरवर्षी तोच प्रवास करतात. खाचर, ओहोळ, नदी.

पडघ्याहून खडवलीच्या रस्त्याला लागलं की भातसा भेटते. सुट्टीच्या दिवशी तिथे मुंबईची, कल्याणची पोरं डुंबायला येतात. आपण डुंबतोय तेच पाणी उद्या आपल्या नळाला येणार आहे, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल. मुंबईला सात जलाशयांतून पाणी मिळतं आणि भरलेले असताना त्या सातांत मिळून सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी असतं. त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसेचं. शहापूर तालुक्यातल्या धरणातून सुटलेलं हे पाणी नळात न शिरता आधी नदीच्याच पात्रातून मैलोन्‌मैल वाहत येतं. भिवंडी तालुक्यात पिसे इथे बंधारा घालून ते अडवलं आहे. तिथली दारं हवेच्या फुग्यांवर उचलली जातात. पिशाहून पाणी पांजरापूरला शुद्ध व्हायला जातं आणि मग पुरुषभर उंचीच्या नळांतून शहराकडे.

यात एक गंमत आहे. मुंबईच्या तहानेमुळे भातसा उन्हाळ्यातही वाहती राहते. आजूबाजूचे ओहोळ माघातच आटतात, पण ही नदी वैशाखात भरल्या अंगाने वाहत असते, तिचे डोह टिकतात आणि डोहांत मासा टिकतो. शहर नदीला पितं आणि तिला जगवतंही. हे ऋण फक्त पिशापर्यंतच फेडलं जातं. बंधाऱ्याच्या खाली नदीला उरतं ते आधीच्या मानाने थोडं. ज्या शहापूर तालुक्यात हे धरण आहे तिथल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे दरवर्षी छापून येतं आणि दरवर्षी वाचून बाजूला ठेवलं जातं. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथे इतकंच, की माणसाचं पाणी आणि माशाचं पाणी वेगळं काढून दाखवता येत नाही.

पिशाच्या पुढे भातसा काळू नदीच्या सोबतीने उल्हासला मिळते. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास कल्याण ओलांडते तेव्हा तिच्या पाण्याला मीठ लागायला सुरुवात झालेली असते. गोडं कुठे संपलं आणि खारं कुठे सुरू झालं हे तिथे सांगता येत नाही. भरतीला ती जागा वर सरकते, ओहोटीला खाली, पावसाळ्यात तर मैलांनी खाली. बोय मासा दोन्हीकडे वावरतो. जिताडा खाऱ्यात जन्मतो आणि वाढायला गोड्याकडे येतो. निवटी चिखलावर उड्या मारत बसते, तिला दोन्ही चालतं. ठाण्याच्या उत्तरेला या पाण्याचे दोन फाटे होतात. मोठा घोडबंदरावरून वसईला समुद्रात जातो, लहान ठाण्याच्या खाडीत उतरतो.

त्या खाडीला आज जगाच्या कागदपत्रांत नाव आहे. कॅस्पियन समुद्राकाठच्या रामसर या इराणी गावात २ फेब्रुवारी १९७१ रोजी काही देशांनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला. भारत त्यात १९८२ साली आला. ठाणे खाडीत २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झालं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये खाडीचा सुमारे ६५ चौरस किलोमीटरचा भाग रामसर यादीत गेला. नांदूरमधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही तिसरी जागा. हिवाळा सरता सरता ओहोटीच्या वेळी ऐरोलीला किंवा शिवडीला जावं. चिखलाच्या पटावर हजारो रोहित पक्षी माना खाली घालून चोच उलटी धरून चालत असतात. चोचीतल्या बारीक झालरीतून पाणी गाळून शेवाळ, कीटक, इवले जीव टिपत असतात. मागे कारखान्यांच्या चिमण्या, पूल, उंच इमारती. त्या चिखलात इतकं शेवाळ का येतं, तर शहराचं सांडपाणी त्याला खत पुरवतं, असं अभ्यासक सांगतात. याच्यावर हसावं की मान खाली घालावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पक्षी मात्र आपल्या घाणीचंही गुलाबी करून दाखवतात.

खाडीच्या काठची तिवरं राहिली तीही कोर्टाची पायरी चढल्यामुळे. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरांची तोड आणि त्यांवरचा भराव थांबवला आणि २०१८ च्या निकालात ती बंदी कायम केली. राज्याने २०१२ पासून वनखात्यात कांदळवन कक्ष उभा केला. तिवरांच्या मुळांत कोळंबीची, चिंबोऱ्यांची, कितीतरी माशांची पिल्लं वाढतात. समुद्राकाठी तिवरं जे करतात तेच इथे वर, मीठ न चाखलेल्या पाण्यात, भाताचं खाचर करतं. तिवराला न्यायालय मिळालं. खाचराच्या बाजूने अजून कुणी उभं राहिलेलं नाही.

आता अहिराबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्या पाण्यांना एका दोऱ्यात ओवणारा प्राणी तोच आहे. पश्चिम घाटातल्या नद्यांत राहणारा हा लांबोडा, सापासारखा मासा. अंगावर पिवळट-करडे डाग, कातडी इतकी बुळबुळीत की दोन्ही हातांत राख चोळल्याशिवाय धरता येत नाही. दिवसा दगडांच्या कपारीत, रात्री शिकारीला बाहेर. ओहोळाच्या काठावर खेकडे शोधणाऱ्या एका कातकरी म्हातारीला मी विचारलं, "आजी, अहिर दिसतो का अजून?" तिने हात पाण्यातून न काढताच उत्तर दिलं, "पयले व्हता. मांडीएवढा. आता नाय दिसत." मग जराशाने म्हणाली, "तो काय इथला नाय ना. तो खालून येतो."

आजी बरोबर सांगत होती. अहिर नदीत जन्मत नाही. नदीत तो कित्येक वर्षं राहतो, वाढतो, आणि एका पावसाळ्यात पुराबरोबर खाली उतरायला लागतो. रंग बदलतो, डोळे मोठे होतात, खाणं सुटतं. खाडी ओलांडून तो हिंदी महासागरात खोल कुठेतरी जातो, एकदाच प्रजोत्पादन करतो आणि मरतो. ती जागा नेमकी कोणती हे अजून कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्याची पिल्लं सुरुवातीला माशासारखी दिसतच नाहीत. पानासारखी चपटी आणि आरपार दिसणारी असतात. प्रवाहांबरोबर महिनोन्‌महिने वाहत ती किनाऱ्याला लागतात, तिथे काचेच्या काडीसारखं रूप घेतात आणि नदीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा माग लागला की वर चढायला लागतात. ओल्या दगडावरून, शेवाळलेल्या भिंतीवरूनसुद्धा. आईबापांनी जी वाट उतरली ती त्यांनी कधी पाहिलेली नसते. वाट दाखवायला कुणी जिवंतही नसतं.

म्हणूनच खुल्या समुद्राविषयी न्यूयॉर्कला काही ठरलं तर ते पडघ्याच्या ओहोळापर्यंत पोचतं. किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपलीकडचं पाणी कुठल्याच देशाचं नाही. सगळ्या महासागरांचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग असा बेवारस होता. जे सर्वांचं ते कुणाचंच नाही, हा न्याय तिथेही लागू पडला. खोल जाळी, वाढती जहाजं, तळाच्या खनिजांवरचा डोळा. जवळजवळ वीस वर्षं चर्चा चालली आणि जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्या पाण्यातल्या जिवांच्या रक्षणाचा करार संमत झाला. भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली. आवश्यक त्या साठ देशांची मान्यता पुरी झाल्यावर १७ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. आता त्या पाण्यातही राखीव क्षेत्रं आखता येतील. अहिर जिथे मरायला आणि जन्मायला जातो ती जागा त्यांत येईल का, कोण जाणे. पण निदान ती जागा राखण्याचं बोलणं करायला एक दार उघडलं.

त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला आणखी एक ठराव झाला होता. २०३० पर्यंत जगातली तीस टक्के जमीन, तीस टक्के समुद्र आणि तीस टक्के गोडं पाणी राखायचं. गोड्या पाण्याचं नाव त्यात निराळं घातलं, हे मला मोलाचं वाटतं. नद्या आणि तळी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही व्यापत नाहीत, तरी माशांच्या निम्म्याहून अधिक जाती त्यांत राहतात. आजवर जमिनीचे नकाशे रंगवताना नद्या त्यांत आपोआप आल्या असं धरलं जायचं. जंगल राखलं म्हणजे त्यातली नदीही राखली, असा समज. पण नदी जंगलातून बाहेर पडते. राखीव हद्दीच्या पाटीपाशी ती थांबत नाही आणि मासाही थांबत नाही.

स्थलांतर करणाऱ्या गोड्या पाण्यातल्या माशांची जगभरात पाहणी होते. १९७० ते २०२० या पन्नास वर्षांत नजरेखालच्या त्यांच्या संख्येत सरासरी ८१ टक्के घट झाली. वाघाबद्दल किंवा देवमाशाबद्दल असा आकडा आला असता तर देशोदेशी मोर्चे निघाले असते. या माशांना मोठे डोळे नाहीत, आवाज नाही, कुणाच्या घोषणेत नाव नाही. अडचण साधी आहे, त्यांची वाट अडली आहे. धरणं आहेतच. पण बहुतेक ठिकाणी वाट अडवणारी वस्तू इतकी क्षुल्लक असते की तिची कुठे नोंदही होत नाही.

पडघ्यात ती उभ्याने दिसते. मुंबई-नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल गोदामं उभी आहेत. देशभरातल्या घरांना दोन दिवसांत पोचणारं कितीतरी सामान इथून निघतं. आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन मिळाला, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला झाला. या कामांनी इथल्या कितीतरी घरांत पगार आणला आहे. भाताने जे कधी दिलं नाही ते गाळ्याच्या भाड्याने दिलं. तेव्हा गोदामं नकोत असं म्हणणं मला शोभणार नाही. पण गोदाम बांधायचं तर जमीन सपाट हवी. खाचरांच्या पायऱ्या मुरमाच्या भरावाखाली जातात. मधून वाहणारा ओहोळ सिमेंटच्या नळीत घालून पलीकडे काढला जातो. नळीचं खालचं तोंड ओहोळाच्या तळापेक्षा हातभर उंच राहतं. बांधणाऱ्याच्या दृष्टीने काम चोख झालेलं असतं, कारण पाणी वाहून जातं. पावसाळ्याच्या पहिल्या पुरात त्या तोंडाखाली खड्डा पडतो आणि खड्ड्यात मासे जमतात. वरून पडणाऱ्या धारेकडे उड्या मारतात. हातभर उंची मळ्याला जमत नाही, खवलीला तर नाहीच. ते तिथेच दाटी करून राहतात आणि मग पाग टाकायलासुद्धा कौशल्य लागत नाही, पाटीने उपसले तरी येतात. लोक म्हणतात, यंदा वलगण चांगली झाली. खाली जेवढी गर्दी तेवढे वरचे बांध रिकामे.

पाण्यात आणखीही बरंच काही उतरलं आहे. भिवंडीच्या कामवारी नदीचं काय झालं ते तिच्या पुलावर उभं राहिलं की नाकालाच कळतं. उल्हासमध्ये मोहन्याजवळ दर उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी गादी पसरते आणि तिच्याखालच्या पाण्यात श्वास राहत नाही. भिवंडी तालुक्यातच बेकायदा तळी खोदून आफ्रिकी मांगूर वाढवला गेला. काहीही खाणारा, कशाही पाण्यात जगणारा हा मासा पाळायला देशात २००० सालीच बंदी झाली होती. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यव्यवसाय विभागाने तळ्यांतले मासे नष्ट केले. पण पुरात एखादं तळं फुटलं की त्यातलं काय नदीत गेलं याचा हिशेब कोण ठेवणार? मरळीची पिल्लं लालसर गोळक्याने पाण्यावर येतात तेव्हा खाली आईबाप पहारा देत असतात. मांगुराच्या टोळीपुढे तो पहारा किती टिकेल, सांगता येत नाही.

अडलेली वाट मोकळी होऊ शकते, हे मात्र खरं. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि ऑरेगनच्या सीमेवर क्लामथ नावाची नदी आहे. तिच्या काठच्या युरोक, कारुक अशा आदिवासी जमातींनी साल्मन माशासाठी वर्षानुवर्षं भांडून चार धरणं पाडायला लावली. २०२४ च्या शरदात काम पुरं झालं आणि काही आठवड्यांतच साल्मन वरच्या पात्रात दिसले. शंभराहून अधिक वर्षं त्या पाण्यात त्यांच्यातला कुणी गेला नव्हता. भातसेचं धरण कुणी पाडणार नाही, मुंबईचं पाणी कोण तोडेल? पण पडघ्याच्या ओहोळावर पाडावी लागेल अशी भिंत नाहीच. तिथे नळी बदलायची आहे. तिचा तळ ओहोळाच्या तळाखाली थोडा गाडून बसवायचा, तोंड रुंद ठेवायचं, आत खडीगोटे टाकायचे म्हणजे माशाला मध्ये विसाव्याची जागा मिळते. जिथे आधीच टांगती नळी आहे तिथे खालच्या बाजूला दगडांच्या दोन-तीन पायऱ्या रचल्या तरी निभावतं. यातलं काही करायला आंतरराष्ट्रीय परिषद लागत नाही. गोदामाच्या एका शटरपेक्षा फार मोठा खर्चही नसावा.

आपल्याकडे लहान पाण्यासाठी मोठा निर्णय झाल्याचं उदाहरणही आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम एका गुहेत आहे, देऊळ आहे, समोर कुंड आहे. त्या पाण्यात मुरीच्या कुळातला बोटभर सोनेरी मासा राहतो. विज्ञानाला तो २०२० साली नव्याने कळला आणि नदीवरूनच त्याला हिरण्यकेशी नाव मिळालं. पुढच्याच वर्षी राज्याने ती सुमारे दोन हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. दोन हेक्टर म्हणजे भातशेतीच्या हिशेबात पाच एकर. महाडजवळ वाळण कोंडीला तर कागदाचीही गरज लागली नव्हती. काळ नदीच्या त्या डोहातले मासे वरदायिनीचे. त्यांना कुणी मारत नाही, उलट चुरमुरे टाकतात, आणि ते हातभर लांबीचे होऊन काठाशी येतात. देवीच्या नावाने ठेवलेला डोह आणि सरकारच्या नावाने ठेवलेलं कुंड यांत मला थोरलंधाकटं करवत नाही. आम्हाला दोन्ही चालतील.

पडघ्याच्या खाचरांचं देवस्थान नाही, आणि अभयारण्य तर होणारच नाही, कारण तिथे माणसं नांगर धरतात. पण २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला एक समिती आणि एक नोंदवही दिली आहे. त्या वहीत गावातली झाडं, पाखरं, बियाणं, औषधी वनस्पती यांच्याबरोबर पाण्यातल्या जिवांचीही नोंद करायची असते. बऱ्याच ठिकाणी ती वही पंचायतीच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. तिच्यात कोणता मासा कोणत्या ओहोळाने चढतो, कोणत्या मोरीपाशी अडतो, कुणाच्या खाचरात अजून पिल्लं दिसतात, एवढं लिहिलं गेलं तरी पुढच्या वेळी भरावाची परवानगी मागायला येणाऱ्यापुढे ठेवायला एक पान होईल. ही माहिती कातकरवाडीतल्या म्हाताऱ्यांना आणि बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्या पोरांना पाठ आहे. त्यांना पंचायतीत खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि लिहून घ्यावं. मात्र हे काम मृग-आर्द्रेच्या दिवसांतच उरकायला हवं. एकदा भाताच्या आवणीला हात लागला की मग पडघ्यात कुणालाच वेळ नसतो.